आप्पांचं इराणी दूध

शुक्रवार, संध्याकाळ

आज आप्पांनी कप रिकामा केला. तळाला पिवळा थेंबसुद्धा नाही!

तीस वर्षं लूम चालवून माझ्या वडिलांच्या छातीत कापसाची धूळ बसलीय. शिफ्ट सुटली की गुळाचा खडा खायचे, तेवढंच औषध त्यांना मान्य. हळदीचं दूध दिलं की, "मी काय आजारी हाय?" म्हणून कप सरकवायचे.

काल शेजारच्या शबानाभाभीने तिच्या सासूची रीत सांगितली. दुधात केशर, वेलची, मध, वरून गुलाबपाणी. "इराणी है, बोल दे. मेहमानों को देते हैं." हळद त्यातही असतेच, ते मात्र हळूच सांगितलं.

आज ड्युटीवरून आल्या आल्या केलं. मधाऐवजी गूळ, तोही दूध उतरवल्यावर, नाहीतर फाटलं असतं. पाहुण्यांच्या कपात दिलं आणि "इराणी दूध" एवढंच म्हटलं. हे खोटं बोलणं झालं का? आप्पांनी वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि प्यायले. वर कप पाण्याने विसळून तेही प्यायले!

मी रिकामा कप घेऊन वळले, तर मागून म्हणाले, "उद्या हळद जरा जास्त टाक. इराणात कमी पिकते वाटतं."