पाच दहाची बस

शनिवार, १४ मार्च

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. तुझं पत्र येऊन महिना होत आला. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेले व्यायाम करतेस, की नुसतीच त्यांना नावं ठेवतेस? इथे सगळे बरे आहेत. नातीचे पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे ती फोनवर काय बोलते ते तिचं तिलाच कळतं.

उशिराचं कारण, म्हणजे एक कारण, आमची बस.

मी एका रिटायर्ड मास्तरांना सांभाळायला जाते, हे तुला ठाऊकच आहे. त्यांना उठवायचं, आंघोळ घालायची, इन्शुलिन द्यायचं, मग नाश्ता. सगळं घड्याळाच्या काट्यावर. त्यासाठी मला पहाटे पाच दहाची बस गाठावी लागते. त्या बसमध्ये सगळी आमच्यासारखीच, बाहेरच्या देशांतून इथे आलेली माणसं. कोणी हॉस्पिटलची फरशी पुसते, कोणी हॉटेलातल्या चादरी बदलते. काम आहे, राहायची परवानगी आहे, पण निवडणुकीत मत नाही. जानेवारीत थांब्यावर नोटीस लागली, की एप्रिलपासून पहिली बस सव्वासहाला सुटेल. म्हणजे मास्तर उपाशी ताटकळणार आणि माझं काम जाणार. आमच्यातली चादरीवाली, जिला आम्ही सरपंच म्हणतो, मला म्हणाली, "मावशी, तुमचं अक्षर सुरेख. अर्ज लिहा तुम्ही."

लिहिला. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी पट्टी मारून वळवलेलं अक्षर अजून वळणावर आहे.

प्रश्न सह्यांचा होता. आपल्याला मत नाही, मग आपल्या सहीला कोण विचारतंय, असं आम्ही आपापसातच ठरवून टाकलं. कोणाला विचारायचंही सुचलं नाही. ज्या घरात जी काम करते तिने तिथल्या माणसांची सही आणायची, हॉटेल-हॉस्पिटलवालींनी जिने चढून घरोघरच्या म्हाताऱ्यांची. मास्तर म्हणाले, "तीस वर्षांत बसमध्ये पाय ठेवला नाही मी. पण आण इकडे." नावाखाली ऐटीत रेघही ओढली त्यांनी. दोनशे बारा सह्या जमल्या. सरपंच बसमध्ये नाचायचीच काय ती बाकी होती.

लेकाला हे पसंत नव्हतं. "आई, कायम राहण्याचे कागद अजून हातात पडायचेत आपल्या. कशाला पुढे पुढे करतेस? सही केलीस का कुठे?"

"नाही रे, माझं नावसुद्धा नाही," मी म्हणाले. आणि खरं सांगते, नाव नाही याचं मला बरंच वाटलं होतं. माझी ही सवय जुनी. तुला माहीत आहे. असो.

मंगळवारी दुपारी नगरपालिकेत सुनावणी झाली. आम्ही अकराजणी शेवटच्या रांगेत बसलो, कामाच्या कपड्यांतच. अध्यक्षबाई साधारण माझ्याच वयाच्या. प्रत्येक सहीपुढे वय लिहायचं होतं, त्या रकान्यावरून त्यांनी बोट फिरवलं. म्हणाल्या, "हे बहुतेक सगळे सत्तरीच्या पुढचे. दोघे तर नव्वदीचे. ही मंडळी पहाटे पाचला बसने जातात तरी कुठे?"

सगळं सभागृह हसलं. सरपंचने मला कोपराने ढोसलं, "मावशी, बोला ना!" मी मान खाली घालून बसून राहिले.

ताई, तिथे मला तू दिसलीस. नववीतली, प्रार्थनेच्या हॉलमध्ये ताठ उभी. आयाबाईंना कामावरून काढू नका, असं तू मदरना सांगत होतीस. त्यांनी विचारलं, "आणखी कोणाला असं वाटतं?" तू वळून माझ्याकडे पाहिलंस. मीही उभी राहीन, असं आदल्याच दिवशी मी तुला सांगितलं होतं. मी बुटाचं बक्कल बघत राहिले. तुझं नाव शाळेतून काढलं. आणि घरी येऊन आईला तू काय सांगितलंस? धाकटीचं पोट दुखत होतं, ती हॉलमध्ये नव्हतीच. सत्तेचाळीस वर्षांत आपण दोघी यावर एक शब्द बोललेलो नाही.

मी उभी राहिले.

"ते कुठेच जात नाहीत, बाई," मी म्हणाले. "आम्ही त्यांच्याकडे जातो."

मग मास्तरांच्या इन्शुलिनचं सांगितलं, चादरींचं, फरशीचं. "बसमध्ये आम्ही असतो. पण आम्हाला मत नाही, म्हणून वाटलं, आमची सही चालायची नाही."

अध्यक्षबाईंचा चेहरा बदलला. "कोणी सांगितलं? इथे राहणाऱ्या कोणाचीही सही चालते."

"अगं बाई!" सरपंच ओरडली. "मग दोन महिने मी जिने कशाला चढले?"

पुन्हा हशा पिकला. या वेळी आम्हीही हसलो. अध्यक्षबाईंनी माझं नाव विचारलं. मी आडनावासकट सांगितलं, सावकाश, त्यांना लिहिता येईल असं. मग आम्ही अकराजणींनी तिथेच सह्या केल्या.

बस वर्षअखेरपर्यंत राहणार आहे. नंतर पुन्हा विचार करतील. प्रवाशांची समिती होणार आहे, तिच्यात मला घेतलंय. लेकाने सुनावणीचं टिपण शोधून वाचलं. जेवून उठताना म्हणाला, "तुझं नाव बरोबर लिहिलंय ग त्यांनी. पुढची मीटिंग कधी आहे? मी येतो सोडायला." कागदांचं काय होईल ते होवो. भीती आहेच, पण तिच्यासकट मी सोमवारी बसमध्ये असेन.

तुझी मुलं अजून माझी थट्टा करतात ना, की मावशीचं नेमकं त्याच दिवशी पोट दुखलं? आईला आता सांगता येणार नाही. पण मुलांना सांग, ताई. हे पत्र मोठ्याने वाचून दाखव. आणि तुला रागवायचं राहून गेलं असेल तर आता रागव, मी ऐकून घेईन.

त्या दिवशी तिसऱ्या रांगेत, पोट अगदी ठणठणीत असताना बसून राहिलेली,
तुझी धाकटी