पिस्ता कलर

नागसेन,

दादाचा जयभीम.

येलदरीच्या धरणात तू बुडालास, तरी मी तुझ्याशीच बोलायलोय. जयंतीला आपली गायन पार्टी स्टेजवर तुझी खुर्ची रिकामी ठेवून तिच्यावर तुझी गिटार ठेवणार हाय. मी म्हणलं, मग ती तुला पाहिजे होती तशीच करावी. जुन्या काळातल्या गिटारीवानी, फिकट पिस्ता.

गिटारीचा खास कलर आपल्याला परवडत न्हाई. गंगाखेडला साधा स्प्रेचा डबा मागितला, तर दुकानदार म्हणला, "कोणत्या गाडीचा कलर?" मला अप्पांची भंगारात गेलेली स्कूटर आठवली. तिचाच कलर सांगितला. अगदी तुझ्या मोबाईलमधल्या त्या जुन्या गिटारीच्या फोटोसारखा निघाला रे.

मी ट्रॅक्टरचे मडगार्ड रंगवणारा माणूस. घासल्याबिगर कलर धरत न्हाई, एवढंच मला ठावं. पॉलिश पेपर पाण्यात बुडवून गिटार काचेवानी गुळगुळीत केली, मग स्प्रे मारला. लय देखणी झाली.

माय आली. कलरकडं तिनं बघितलंच न्हाई. गिटार मांडीवर घेऊन वरच्या कडेवर हात फिरवत राहिली. मग म्हणली, "सिताराम, त्याचं कोपर टेकून टेकून इथलं लाकूड उघडं पडलं होतं. ते कुठं गेलं?"

तुला गिटार जुनी दिसायला पाहिजे होती. तिच्यावर जुनं तेवढंच होतं, अन् ते मी घासून टाकलं.

कलर वाळलाय. माय अजून हात फिरवायलीय.

तुझा दादा,
सिताराम