हुकमावरून दिलेला जबाब

बाबा, तुमच्या मुलीने वर्दीत असताना बांगडे घेतले हे आता सरकारदरबारी सिद्ध झालं आहे, आणि तरीही तिची नोकरी शाबूत आहे. ही बातमी तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवेना. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण पोलीस खात्यातली गोष्ट ज्याला अर्ध्यातच कळते असं घरात तुमच्यानंतर कुणी झालं नाही. आई सगळं ऐकून घेते, पण शेवटी तिला एवढंच विचारायचं असतं की बांगडे ताजे होते ना.

होते, ताजेच होते. सकाळी सकाळी मी किनाऱ्यावर गस्तीला होते. रापण लागली होती. समुद्रात सोडलेलं ते भलंमोठं जाळं दोन्ही टोकांनी ओढणं चाललं होतं आणि एका बाजूला माणसं कमी पडत होती. मी टोपी काखेत मारली आणि दोरी धरली. आपल्याकडे रापणीच्या दोरीला जो हात लावतो त्याला वाटा मिळतो, मग तो गावचा असो नाहीतर वाट चुकलेला पर्यटक. रापणीच्या म्होरक्याने, तांडेलाने, माझ्या हातात बांगड्यांची पिशवी दिली, मी हसत हसत घेतली आणि नेमका तेवढाच फोटो कुणीतरी काढला. मागे एका मालकाची यांत्रिक बोट बंदी असलेल्या पाण्यात मासे मारताना मी पकडून दिली होती. त्याने तो फोटो लावून तक्रार केली, की हवालदारबाई रापणवाल्यांकडून मासळीचा हप्ता घेतात. फोटोत मी इतकी खुशीत आहे, बाबा, की बघून मलाच माझा संशय आला.

तक्रार दोन ठिकाणी गेली. एक लाचेचा गुन्हा नोंदवावा म्हणून, आणि दुसरी आमच्या वरिष्ठांकडे. वरिष्ठांचा हुकूम आला, ताबडतोब सविस्तर जबाब लिहून द्या, नाहीतर आज्ञाभंगाची कारवाई करू. गप्प राहावं तर नोकरीवर पाणी, आणि बांगडे घेतले असं लिहावं तर तोच कागद उद्या कोर्टात माझी कबुली म्हणून मिरवणार. बरोबरीच्या एका हवालदाराने सल्ला दिला, "लिही, पिशवी माझी नव्हती." पिशवी तांडेलाची होती हे खरंच, पण आतले बांगडे माझे होते आणि दुपारी त्यांचं तिखलं करून मी बोटं चाटत जेवले होते. मी घाबरले होते. रोज दुसऱ्यांचे जबाब घेणारी मी, स्वतःचा जबाब लिहायला बसले तर पेन चालेना.

तेव्हा तुमचीच हकीकत समोर आली. एका आरोपीला घेऊन तुम्ही कोर्टात निघालात, एसटी आपल्या घराजवळच, कट्टा गावात, बंद पडली, आणि तो उपाशी आहे म्हणून तुम्ही त्याला आपल्या घरी आणलंत. चुलीपुढे तो पेज जेवतोय, तुम्ही त्याच्या बेड्या काढून मांडीवर धरून बसला आहात आणि आई त्याला वाढताना विचारते आहे, "लोणचा होया रे?" तो पळाला नाही, हरवला नाही, वेळेत कोर्टात उभा राहिला. कुणी बघितलंही नव्हतं. तुम्ही आरोपीला घरी नेलंत एवढी कुणकुण वर गेली, जबाबाचा हुकूम आला आणि तुम्ही एका बैठकीत सगळं लिहून दिलंत, बेड्यांसकट. तुमच्याविरुद्ध पुरावा एकच होता, तुमचा जबाब. हवालदाराचे तुम्ही पुन्हा शिपाई झालात. मी तुम्हाला विचारलं होतं, कशाला लिहिलंत? तुम्ही म्हणालात, "खरा लिवलंय ता बराच केलंय. पण आधी इचारूक होया होता, ह्यो कागद खंय जातलो."

मग मी विचारलं, हा कागद कुठे जाणार, आणि तेही लेखी. त्याआधी एका वकिलीणबाईंना गाठलं; त्यांनी समजावलं की ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, हे घटनेतच आहे आणि वर्दी घातली म्हणून ते कुणी काढून घेत नाही. खात्याची चौकशी मात्र वेगळी, तिथे या ढालीचा उपयोग होईलच असं नाही, पण हरकत नोंदवून ठेवावी. म्हणून मी जबाबाच्या डोक्यावर लिहिलं: हा जबाब वरिष्ठांच्या हुकमावरून देत आहे, स्वेच्छेने नाही, आणि गुन्ह्याच्या कामी तो माझ्याविरुद्ध वापरण्यास माझी हरकत आहे. चौकशीत माझी बाजू मांडायला खात्यातलाच एक बचाव सहाय्यकही मागितला. त्याखाली मग सगळं खरं लिहिलं, तिखल्यासकट. लिहिताना तुमचा आवाज कानात होता. लहानपणी स्वयंपाकघरात माझ्या हातून लोणच्याची बरणी फुटली आणि आई पळी उगारून विचारायला लागली, तेव्हा तुम्ही मध्ये उभे राहिला होतात. "भिती घालून काढलेला उत्तर माका नको." आई भडकलीच. "तुमचा ठाणा ठाण्यात ठेवा! माझ्या रांदपाच्या खोलयेत मी फौजदार!"

चौकशी अधिकारी घाटावरचे, शांत माणूस. जबाब वाचून म्हणाले, मला ती जागा बघायची आहे. आम्ही गेलो तेव्हा रापण अर्ध्यावर आली होती आणि साहेब बूट हातात घेऊन कौतुकाने बघत होते. तांडेलाला काय माहीत हे कोण! तो ओरडला, "ओ, उभे रवान काय बघतास? धरा दोरी!" साहेबांनी पँट दुमडली आणि खरोखरच धरली. घामाघूम झाले, दोनदा वाळूत बसले, पण सोडली नाही. जाळं वर आलं तेव्हा पोरासारखे ओरडले. आणि तांडेलाने पिशवी पुढे केली. "ह्यो तुमचो वाटो."

"नको, नको, मला चालत नाही."

"चलना नाय म्हंजे? दोरयेक हात लायल्यात ना? मगे घेवकच होयो."

घ्यावी लागली. पिशवी हातात लोंबकळतेय, साहेब माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे. माझ्या जिभेला काही राहवलं नाही. "साहेब, आता तुमचा जबाब कोण घेणार?" ते एवढे हसले की पिशवीतले बांगडे उडायला लागले. म्हणाले, "मी आत्ता काहीही बोलणार नाही. आधी मला बचाव सहाय्यक द्या."

ती पिशवी साहेबांनी तिथल्या तिथे वाटून टाकली, आणि दोरी ओढणाऱ्या प्रत्येकाला, स्वतः चौकशी अधिकाऱ्यालाही, वाटा मिळाल्याचं अहवालात लिहिलं. गुन्ह्याची तक्रार तथ्य नाही म्हणून आधीच निकालात निघाली होती. काल खात्याचा आदेश आला: दोषमुक्त. ठाण्यात पेढे वाटले, आईने शेजारणींना बोलावून तीच गोष्ट तीनदा सांगितली. मला काल जो आनंद झाला तो हवालदारकीच्या फिती मिळाल्या तेव्हाही झाला नव्हता.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. पण एक सांगते, कुणाला बोलले नाही ते. आज आई देवळात गेल्यावर मी तो आदेश पुन्हा काढला आणि चुलीपाशी उभी राहून मोठ्याने वाचला. आदेशात जिथे जिथे माझं नाव होतं तिथे, बाबा, मी तुमचं नाव घेतलं.