खालच्या पायवाटेच्या फलकावरील अडतीस मिनिटे

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
नगरपरिषद कार्यालय.

विषय : किनाऱ्यालगतच्या खालच्या पायवाटेच्या रखवालदारांचे निलंबन रद्द करण्याबाबत व माझा अहवाल मागे घेण्याबाबत.
संदर्भ : माझा अहवाल, दि. १६ जानेवारी.

महोदय,

१. या हंगामात खालच्या पायवाटेवर पाच वेळा लोक भरतीच्या पाण्यात सापडले. पाचही दिवशी फाटक ठरल्या वेळी बंद झाले होते. पाचही दिवशी आकाश निरभ्र होते. ढगाळ वा धुकट दिवशी एकही जण सापडला नाही.

२. ही पायवाट उत्तरेच्या फाटकापासून निघते, कड्याच्या पोटातून सहा पॉइंट घेत जाते आणि शेवटी वाळूचा पट्टा ओलांडून गावाच्या पायऱ्यांशी संपते. भरतीला हा पट्टा पाण्याखाली जातो. म्हणून पट्ट्यावर पाणी येण्याच्या साठ मिनिटे आधी रखवालदारांनी फाटक लावावे, असा नियम आहे. फलकावरील 'लागणारा वेळ : ३८ मिनिटे' हा आकडा मी मोजून दिला. उरलेली बावीस मिनिटे सुरक्षिततेसाठी धरली, तीही माझ्याच सल्ल्याने. हे काम मी विनामोबदला केले, आणि ते विनामोबदला केल्याचे चारचौघांत सांगत आलो.

३. दि. १२ जानेवारी रोजी पाण्यात सापडलेल्या एका वृद्ध बाईंचे मनगट मोडले. आपण मला कारण विचारले. मी लिहून दिले : "रखवालदार फाटक उशिरा लावीत असावा. ऊन पडले की त्यास डुलकी लागत असावी." रखवालदारांना झोपलेले मी एकदाही पाहिले नव्हते. निरभ्र दिवसांचे दुसरे स्पष्टीकरण सुचेना, म्हणून ते एका माणसावर ढकलले. अकरा वर्षांच्या नोकरीनंतर ते त्या दोन वाक्यांवर निलंबित झाले. येत्या २० तारखेच्या सुनावणीत त्यांची नोकरी राहते की जाते हे ठरेल, आणि त्यांच्याविरुद्ध माझ्या अहवालाखेरीज कोणताही पुरावा नाही.

४. फाटक लावताच रखवालदार लाल निशाण चढवतात आणि ती वेळ समोरच्या दीपगृहाच्या नोंदवहीत लिहिली जाते, हे मला नंतर कळले. नंतर म्हणजे विचारल्यावर. आधी मी विचारले नव्हते. पाचही नोंदी बिनचूक आहेत.

५. त्यानंतर मी रखवालदारांच्या घरी गेलो. त्यांनी घरातली एकमेव खुर्ची मला दिली आणि स्वतः उभे राहिले. म्हणाले, "सर, फाटक माझं, फलक तुमचा. फाटक मी वेळेवर लावलं. आता फलकाला विचारा." त्यांच्या पत्नी आतूनच बोलल्या, "यांना घरी गादीवर झोप येत नाही. उन्हात स्टुलावर बरी येईल!" चहा पुढे आला. तो मी घेतला, याचीही नोंद करतो.

६. फलकाला विचारावे म्हणून मी ती वाट पुन्हा तीनदा चाललो. वेळ अनुक्रमे ३८, ३८ व ३७ मिनिटे भरली. आकडे मी समाधानाने पत्नीस दाखवले. त्या म्हणाल्या, "तुमची मोजणी तुम्हीच तपासणार? वर्गात ज्याचा पेपर त्यालाच द्यायचात का तपासायला?" भौतिकशास्त्र मी एकतीस वर्षे शिकवले आहे. दुसऱ्या दिवशी त्या एकट्या निघाल्या. हवा स्वच्छ होती. त्यांना ७१ मिनिटे लागली. पुढच्या दिवशी धुके होते, ४४ लागली. पहिल्या दिवशी एवढा वेळ काय करत होतात, असे मी विचारले. "बघत होते. पॉइंटवर माणूस आणखी काय करतो? आणि पहिल्या मोजणीच्या वेळीही मी तुमच्याबरोबर होते. तेव्हाही थांबले होते. तुम्ही घड्याळ बंद केलंत."

७. तरी विनंती की, रखवालदारांचे निलंबन सुनावणीची वाट न पाहता रद्द व्हावे. माझा अहवाल खोटा ठरवून तसा शेरा दप्तरी ठेवावा. आणि नवी मोजणी होईपर्यंत फाटक पाणी येण्याच्या दोन तास आधी लावावे. ती मोजणी मजकडे देऊ नये. जखमी बाईंना व रखवालदारांना मी स्वतंत्र पत्रे लिहिली आहेत. रखवालदारांचे पत्र हाती देण्यास त्यांच्या दारापर्यंत जाऊन दोनदा परतलो. तिसऱ्यांदा दिले. त्यांनी ते माझ्यासमोर उघडले नाही, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

८. कारण पुढीलप्रमाणे. मोजणीवहीच्या चौदाव्या पानावर सहाही पॉइंटांपुढे माझ्या अक्षरात 'थांबा – वजा' असे लिहिले आहे. केवळ चालण्याचा शुद्ध वेळ काढावा, म्हणून प्रत्येक पॉइंटवर मी घड्याळ थांबवले. धुक्यात दिसत नाही, म्हणून लोक थांबत नाहीत. स्वच्छ हवेत लांबवर दिसते, म्हणून थांबतात. त्यांतले जे फाटक लागण्यापूर्वीच्या शेवटच्या काही मिनिटांत आत शिरले, ते पट्ट्यावर पोहोचेपर्यंत तेथे पाणी आलेले होते. समुद्र पाहण्यासाठी बांधलेल्या वाटेच्या वेळेतून समुद्र पाहण्याचा वेळ मी वजा केला होता.

चुकीची संपूर्ण जबाबदारी घेऊन,
आपला नम्र,
(सही)
निवृत्त भौतिकशास्त्र अध्यापक

दि. ९ मार्च

सोबत :
१. मोजणीवही, मूळ (पान १४ वर खाडाखोड केलेली नाही).
२. दीपगृहाच्या पाच नोंदींची नक्कल.