खांबावरची वरची रेघ

३ मार्च

आज गाडीचं नाक कापायला घेतलं. चिरंजीव सकाळपासून तिच्याखाली आडवे. बाहेर नुसत्या चपला. सून चहा घेऊन गेली, चपलांशी दोन शब्द बोलली, परत आली. लग्न झाल्यापासून त्या दोघांचं इतकं गोडीगुलाबीचं बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मी गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून. माझी जागा ठरलेली — दाराच्या लाकडी खांबाला खांदा टेकून. ऊन पाठीवर, तमाशा डोळ्यांसमोर.

गाडी ह्यांची. माझ्या आधीपासून ह्यांच्याकडे होती आणि माझ्यापेक्षा जास्त वेळा पुसली गेली. हे जिवंत असेपर्यंत मुलाला टायरमध्ये हवासुद्धा भरू दिली नाही. आता मुलगा पन्नाशी ओलांडून तिच्या पोटात शिरलाय. हे वरून बघत असतील तर दुसऱ्यांदा गेले असतील.

४ मार्च

हिला मी वही म्हणते, पण आहे फोन. अक्षर मला येत नाही. नात दूर राहते, तिने जाताना सोय करून दिली — आजी, तू बोल, हा लिहून घेईल, तारीखही स्वतःच घालेल. कोणी वाचणार नाही ना, विचारलं. "तुला स्वतःलाच वाचता येत नाही, मग काय!" म्हणाली. माझीच नात.

वही चांगली आहे. मध्ये बोलत नाही, तोंड वेंगाडत नाही, "अहो आई, हे मागे सांगितलंत" म्हणत नाही. सुनेने हिच्याकडून शिकावं.

६ मार्च

गाडीचं दुखणं आज नीट कळलं. वेल्डरने सांगितलं. सगळे त्याला ठिणगी म्हणतात. भुवया अर्ध्या जळालेल्या. पुढच्या चाकांमध्ये दोन आडवे नळे असतात. आत पोलादी पट्ट्यांची जुडी, मधोमध घट्ट धरलेली. चाक खड्ड्याने उडालं की जुडी पिळते, आणि तो पीळच गाडीचं नाक वर धरून ठेवतो. आता पट्ट्या थकल्या. पीळ सैल, नाक खाली.

"तुमच्या कंबरेसारखंच हो, आजी," म्हणतो कसा!

माझ्या कंबरेला वेल्डिंग लागत नाही, म्हटलं. तोंडाला लावायचं असेल तर चिरंजीवांना विचार, दुप्पट मजुरी देतील.

पुढचं चाक मडगार्डला घासतं म्हणून मागच्या महिन्यात तपासनीसाने गाडी नापास केली. महिनाअखेरपर्यंत उचलून आणा, नाहीतर नोंदणी रद्द. एकदा रद्द झाली की ती गाडी रस्त्यावर कधीच नाही. गॅरेजात उभी राहून तिचं कोंबड्यांचं खुराडं होणार. चिरंजीवांनी हे फार मनाला लावून घेतलंय. बापाची एकच वस्तू हाती आली, आणि ती आपल्याच हातून मेली असं नको.

उपाय असा, की नळे मधोमध कापायचे आणि तिथे दात्यांचा एक तुकडा बसवायचा. बोल्ट सैल करून जुडी एक दाता इकडे सरकवली की नाक वर, तिकडे सरकवली की खाली. "रस्त्यावर उंच ठेवू, आणि आईला चढायचं असेल तेव्हा खाली घेऊ," चिरंजीव म्हणाले. माझ्या गुडघ्यांसाठी हो, हे सगळं.

म्हणजे मी बाजाराला निघाले की आधी गाडी जॅकवर, मग पाना, मग मी, मग परत जॅक, परत पाना. तोवर बाजार उठेल आणि मीही!

ठिणगी हसला. सून पदरात हसली. चिरंजीवांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लहानपणीही अशाच व्हायच्या. मला तेव्हाही मजा यायची.

९ मार्च

ह्यांची एक खोड होती. लोक पोरांची उंची दारावर मांडतात, हे गाडीची मांडायचे. वर्षातून एकदा मडगार्डच्या माथ्यावर पट्टी आडवी धरायची, खांबापर्यंत न्यायची, तिथे सुताराच्या पेन्सिलीने रेघ. दर वर्षीची रेघ आदल्या वर्षीच्या जरा खाली. गाडी बसत चालली होती ती अशी, केसभर केसभर. माझ्या खुर्चीमागेच आहेत त्या रेघा. जिन्यासारख्या उतरतात.

सगळ्या पेन्सिलीच्या. फक्त सगळ्यांत वर, चार बोटं जागा सोडून, एक आहे ती खिळ्याने ओढलेली.

आज चिरंजीवांनी मला खुर्चीसकट बाजूला केलं. चष्मा कपाळावर, नाक खांबाला. मग ठिणगीला ओरडून सांगितलं की मूळ उंची सापडली, ही सगळ्यांत वरची. गाडी नवी होती तेव्हाची. हिच्यापर्यंत उचलायची.

पेन्सिलीच्या इतक्या रेघा, आणि एक खिळ्याची. ती वेगळी का, हे मास्तरांच्या डोक्यात आलं नाही. भूगोल शिकवतात शाळेत. जगातला कुठला डोंगर किती उंच ते तोंडपाठ.

ती रेघ गाडीची नाही. कोणाची, ते मी वहीलाही सांगणार नाही.

१० मार्च

त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. आमचं घर असंच चालतं.

१३ मार्च

जुडी बाहेर काढताना पाना सटकला आणि अंगठ्यावर बसला. नख काळंनिळं. सून हळद घेऊन धावली. मी म्हटलं, हळद कशाला, पेन्सिल आण, खांबावर आजची रेघ ओढू — मास्तर आज इतके खाली आले.

चिरंजीव एरवी ऐकून घेतात. आज नाही घेतलं. अंगठा मुठीत धरून माझ्यासमोर आले, घामाने ओले, कपाळाला ग्रीस.

"आई, मी केलेलं एक तरी काही तुला कधी बरं वाटलंय का?"

"वाटलं ना. तू जन्मलास तेव्हा." मग म्हटलं, "तेव्हाही मला मुलगी हवी होती."

तो आत गेला. सून माझ्याकडे बघत राहिली. हळदीची वाटी तिच्या हातातच. मी तिला म्हटलं, काय बघतेस, हळद नासतेय.

बोलायला नको होतं, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. खोटं काय होतं त्यात?

१४ मार्च

कोणी बोललं नाही. आमटी खारट होती. तेही मी बोलले नाही, एवढं माझ्या खात्यात लिही.

१६ मार्च

वेल्डिंग झालं. गाडी चाकांवर आली. पट्टी धरली, दाते सरकवले, पुन्हा धरली. शेवटच्या दात्यापर्यंत नेली तेव्हा कुठे मडगार्डचा माथा त्या खिळ्याच्या रेघेला लागला. बरोब्बर.

मी बघत होते. इतकी वर्षं त्या रेघेच्या शेजारी काहीच उभं राहिलं नव्हतं. आज काहीतरी राहिलं.

ठिणगी म्हणाला, साहेब, फार वर वाटतंय, चाकं लोंबल्यासारखी दिसतात. चिरंजीव म्हणाले, रेघ आहे ना! ठिणगीने माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे.

१७ मार्च

गल्लीत एक फेरी मारून आणली. मला मागे बसवलं. चढवताना एका बाजूने सून, एका बाजूने चिरंजीव — पोतं चढवतात तसं. नाक खाली घ्यायची गोष्ट तूर्त कोणी काढली नाही.

धाड! धाड! प्रत्येक खड्ड्याला. चाकाला खाली जायला जागाच उरली नाही, ते आधीच टोकाला लोंबतंय. त्यामुळे नुसतं आपटतं. स्टिअरिंग हलकं, गाडी रस्त्यावर दारुड्यासारखी. माझी कवळी दोनदा खाली आली. चिरंजीव म्हणाले, नवीन आहे, बसेल हळूहळू.

म्हटलं, तुझा बापही माझ्याबद्दल हेच म्हणायचा.

१९ मार्च

नापास!

तपासनीस म्हणजे पोट पुढे, शिट्टी गळ्यात. बंपर दोन्ही हातांनी दाबला, सोडला. खालून चाकं बघितली. आधी हिचं नाक रस्त्याला घासत होतं, आता आभाळाला, म्हणाला. एवढी उंच कशावरून केली?

चिरंजीव शाळेत उत्तर द्यावं तसं बोलले. घरी वडिलांच्या हातची नोंद आहे, खांबावर, मूळ उंचीची रेघ आहे.

"रेघ ओढताना वडील शिडीवर होते काय?"

रांगेतले रिक्षावाले हसले. एक टेम्पोवाला तर खाली उतरून बघायला आला. मी मागच्या सीटवर. मीही हसले. सगळ्यांत मोठ्याने मीच. समोरच्या आरशात चिरंजीवांचे डोळे दिसले. माझ्याकडेच बघत होते. मला हसू आवरता आलं असतं. आवरलं नाही.

आता महिनाअखेरपर्यंत एकदाच नेता येईल. मग संपलं.

२० मार्च

आज तो माझ्या खुर्चीपुढे उकिडवा बसला. त्याचं टक्कल मला पहिल्यांदाच वरून दिसलं. किती मोठं झालंय!

"आई, तू इथे रोज बसतेस. तुला माहीत आहे. कोणती रेघ खरी?"

माहीत आहे. पेन्सिलीची पहिली, खिळ्याच्या चार बोटं खाली. एवढं बोलायचं होतं. पण मग तो विचारणार, मग वरची कोणाची?

"रेघा तुझ्या बापाने ओढल्या," म्हटलं. "त्यालाच विचार. नाहीतर तू मास्तर ना? अक्षांश-रेखांश शिकवतोस. त्याही रेघाच. वाच की!"

तो गुडघ्यावर हात देऊन उठला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या नाहीत या वेळी. पांढऱ्याच राहिल्या.

२३ मार्च

मला कोणी गॅरेजात बोलावत नाही. मी तरी जाते.

२५ मार्च

ठिणगी म्हणाला, साहेब, रेघा सोडा, माणसं बसवा. गाडी रिकामी थोडीच चालते?

मग मला पुढे बसवलं, सुनेला मागे, तिच्या शेजारी तांदळाचं पोतं. चिरंजीव खाली. एक दाता उतरवला, बंपर दाबून बघितला. अजून एक. पुन्हा दाबला. चाक जेवढं वर जातं तेवढंच खाली गेलं पाहिजे, असं स्वतःशीच पुटपुटत होते. दर वेळी "आई, हलू नकोस." दुपार उलटली. माझे पाय मेले होते. तक्रार केली नाही. का केली नाही, मलाही कळलं नाही. सून मागून म्हणाली, आई, बरं नाही का वाटत?

शेवटी मडगार्डचा माथा थांबला तो पेन्सिलीच्या पहिल्या रेघेजवळ. त्याने बघितलंसुद्धा नाही खांबाकडे. हाताच्या अंदाजानेच आला तिथे. बापाला जमलं नसतं.

हे मी मोठ्याने म्हणाले नाही.

२७ मार्च

पास! तपासनीसाने शिक्का मारला आणि हात मिळवला. चिरंजीवांचा काळा अंगठा धरूनच मिळवला, तरी स्वारी हसत होती.

येताना लांबच्या रस्त्याने आणलं मला. खड्ड्यातून गाडी अशी गेली, जशी म्हैस पाण्यातून. चिरंजीव शीळ घालत होते. ह्यांच्यासारखीच, बेसूर. मी सवयीने तोंड उघडलं आणि मिटलं. आरशात त्याने ते बघितलं, आणि वाट बघत राहिला — आता काय ऐकावं लागणार! पन्नाशीचा माणूस, आईच्या तोंडाकडे असा बघतो.

"बरी चालते," म्हटलं.

त्याने गाडी बाजूला घेऊन थांबवली. काही नाही, म्हणाला, काच पुसतो. काच स्वच्छ होती.

उद्या सांगेन म्हणते. वरची रेघ कोणाची ते. त्यालाही कळू दे, ह्या घरात त्याच्याआधी कोण होतं.

२८ मार्च

दुपारी डोळा लागला. उठून गेले तर खांब कोरा. चिरंजीवांनी रंधा मारून गुळगुळीत केलाय, वर ताजं रोगण. सून लाकडाचे छिलके झाडून टाकून आली होती. "गोंधळ करणाऱ्या जुन्या रेघा गेल्या," तो म्हणाला. "आता पहिली तू ओढ, आई." हातात ह्यांची पेन्सिल दिली.

मी आयुष्यात एकच रेघ ओढली होती. माझी थोरली लेक हात सोडून उभी राहिली त्या दिवशी, तिला खांबाला लावून, टाळूवर तळवा ठेवून, खिळ्याने. पुढच्या थंडीत तापात गेली. ह्यांनी झबली, पाळणा, फोटो सगळं घराबाहेर काढलं आणि तिचं नाव पुन्हा घेऊ दिलं नाही. खांब तेवढा उपटला नाही. गाडीच्या रेघा त्याच खांबावर ओढायला लागले, पण तिच्या खालीच. कधी तिच्यावरून नाही.

पेन्सिल घेऊन उभी राहिले. तिचं डोकं माझ्या कंबरेला लागायचं, इथे. पण कंबर आता तिथे कुठे आहे! तीही खाली आली, केसभर केसभर.

"ओढ ना, आई."

मडगार्डच्या माथ्याशी ओढली. सरळ आली.