नातवाच्या शीचा नमुना

३ मार्च
लेक मे महिन्यात कामावर जाणार. मग नातू दिवसभर माझ्याकडे की पाळणाघरात, हे ठरायचंय. जावई म्हणाले, बाबांना भारी किळस, डायपर उघडला की गच्चीवर पळतात. साफ खोटं. मी हवा खायला जातो. उद्यापासून सगळे डायपर मीच बदलणार!

४ मार्च
एक बदलला. म्हणजे उघडला. शी! मोहरी वाटल्यासारखं पिवळंधमक, वर कोमट. पुढचं हिने उरकलं. असो. सुरुवात झाली.

९ मार्च, दुपार
हॉस्पिटलातून नर्सबाई आल्या. तान्ह्या बाळाच्या पोटात आधी कोणते जंतू बिऱ्हाड थाटतात, त्यावर पुढचा दमा, अ‍ॅलर्जी अवलंबून असते का, याचा अभ्यास चाललाय म्हणे. त्यासाठी चमचाभर शी बाटलीत भरून फ्रीजरमध्ये ठेवायची. फ्रीजरमध्ये! मटाराला खेटून! पण लेकीने माझ्याकडे पाहिलं आणि मी छाती काढून काम अंगावर घेतलं. पाळणाघराचा विषय संपला.

१० मार्च, सकाळ
नमुना घेतला. हातमोज्यांवर हातमोजे, नेहमीच्या मास्कमध्ये अत्तराचा बोळा. चमचा, बाटली जंतुनाशकात बुचकळली. नमुन्यावरही जंतुनाशकाची धार सोडली. घाण ती घाणच, नातवाची झाली म्हणून काय झालं! कॉलेजात गेलो नसेन, पण वाचून वाचून शिकलोय.

१२ मार्च
पाळणा, खुळखुळा, दाराची कडी, सगळं जंतुनाशकाने पुसलं. ही म्हणाली, अहो, पोराला जरा माणसांचा वास येऊ द्या. अडाणीपणा!

२० मार्च
नर्सबाईंचा फोन. नमुन्यात जिवंत काही सापडलंच नाही. म्हटलं, बघा, आहे की नाही स्वच्छ घराणं! त्या म्हणाल्या, आजोबा, आम्ही जंतू मोजायला बसलो आणि तुम्ही त्यांचं समूळ उच्चाटन केलंत. काही जंतू चांगले असतात म्हणे. असतील. चोरांतही असतात, म्हणून काय घरात घ्यायचे? लेकीने पाळणाघराचा नंबर शोधायला घेतला. नकार कळवायला असेल.

५ मे, संध्याकाळ
नातू पाळणाघरात. बरंच झालं, वाचनाला वेळ मिळेल. आणायला मीच गेलो. पाळणाघरवाल्या बाईंच्या खांद्यावर नातवाची लाळ, गालाला गाल. ओकारीच यायची बाकी होती. हात पुढे केले तर पोरगं किंचाळलं. बाई म्हणाल्या, आजोबा, आधी तो मास्क काढा बघू.
काढला. रडं थांबलं. टकामका बघत राहिला, परक्या माणसाकडे बघावं तसा.
जन्मल्यापासून त्याने माझं तोंड पाहिलंच नव्हतं.