छपराचं इन्स्पेक्शन

मुलुंड, गुरुवार, ६ ऑक्टोबर १९५५

संध्याकाळी वादळ. शेजारच्या दत्तारामांच्या आंब्याची फांदी आमच्या कौलांवर आपटली. मधल्या खोलीत गळती सुरू, ती नेमकी वसुधाच्या खाटेवर. पोरगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले. खाट ओढताना माझी कंबर धरली. सौ. म्हणाली, उद्या कौलं शाकारायला धाकूला बोलवा. मी म्हटलं, आधी इन्स्पेक्शन, मग धाकू. विमा कंपनीत जन्मभर लोकांच्या पडझडीचे रिपोर्ट तपासले, स्वतःच्या छपराचा होणार नाही? सौ. पातेलं आणायला उठली. पटलं असावं.

शुक्रवार, ७. सकाळी

निश्चय: घाई नाही. वादळानंतर माणसं पडतात ती घाईने. कौलं ओली, वर शेवाळ. सुकल्याशिवाय चढायचं नाही.

संध्याकाळी

दुपारी लख्ख ऊन होतं म्हणे. मी ऑफिसात. इलाज नाही. सौ. दत्तारामांच्या माडीवरून आमचं छप्पर पाहून आली. सांगते, आढ्याजवळ दोन कौलं फुटलीत, एक घसरलंय, बाकी सगळं धड आहे. दुरून बघणं म्हणजे तपासणी नव्हे, हे मी तिला शांतपणे समजावलं. तिने शांतपणे गळतीखाली पातेलं सरकवलं.

शनिवार, ८

हाफ डे. दत्तारामांची शिडी आणली. वारा होता, म्हणून चढलो नाही. सेफ्टी फर्स्ट. खालच्या पायरीवर उभा राहून मात्र पाहिलं. शिडी मला पेलते. म्हणजे उद्याचं अर्धं काम झालंच.

नंतर

पुन्हा सर आली. आता गळती दुसऱ्या कोपऱ्यातही. वसुधाची उशी भिजली. राहू द्या हो बाबा, मला काही होत नाही, म्हणाली. आवाज फार दमलेला. सौ.ने माझ्याकडे पाहिलं. उद्या नक्की.

रविवार, ९. सकाळी

प्लॅन पक्का. ऊन आहे, वारा नाही. शिडी दत्ताराम धरणार. कमरेला दोर, त्याचं दुसरं टोक खिडकीच्या गजाला. पाय वाशाच्या रेषेवरच टाकायचा, कारण मधे कौल फुटतं. दत्ताराम म्हणाले, "मार्तंडराव, ह्या वयात कित्याक चढतास? धाकूक बोलवा." माणूस चांगला, पण दूरदृष्टी नाही.

संध्याकाळी

गुडघे सोलवटलेत. कंबर तर विचारूच नये.

चढलो. दोर आढ्यापर्यंत पुरेना, म्हणून सोडला. वासा समजून पाय ठेवला तो वासा नव्हता. एक कौल गेलं. पाय काढायला दुसरीकडे जोर दिला. तिथलंही गेलं. मग आढ्यावर घोड्यासारखी मांड टाकून बसलो. वादळाचं नुकसान पाहिलं: दोन फुटलेली, एक घसरलेलं. माझं नुकसान मोजलं नाही.

तेवढ्यात खालून सौ.ची हाक. वसुधाला कळा सुरू झाल्या. दत्ताराम शिडी सोडून टांगा आणायला पळाले. मीही उतरायला निघालो. सरपटत कडेला आलो, पाय शिडीला लावला आणि शिडी अंगणात आडवी. सौ. आत कपडे बांधत होती, तिला ऐकू गेलं नाही. टांगा आला. वसुधाला दोघांनी धरून बसवलं. मी उभा राहून दोन्ही हात हलवत ओरडलो, शिडी! शिडी! सौ.ने एकदा वर पाहिलं. टांगा गेला.

बरोबरच केलं तिने.

कौलं तापत गेली. बसवेना, उभं राहवेना. एकुलती एक मुलगी, तिची अशी वेळ, आणि बाप छपरावर. येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायची लाज वाटली. खाली बघत बसलो. ऊन उतरल्यावर दत्ताराम आले. शिडी लावायच्या आधीच ओरडले, "तुमका नात झाली! दोघी बऱ्या आसत!" मी वरच होतो. रडू आलं ते वरच आवरलं, मग उतरलो.

सोमवार, १०

रजा टाकली. धाकूला सौ.चाच निरोप परस्पर गेला होता. दुपारपर्यंत छप्पर नीट झालं. फुटकी कौलं त्याने अंगणात रचून ठेवली. चार.

लंगडत प्रसूतिगृहात गेलो. नात एवढीशी, तांबूस. मुठी घट्ट मिटलेल्या. वसुधा म्हणाली, "बाबा, टांग्यात बसताना मी फार घाबरले होते हो. मग वर पाहिलं, तर तुम्ही छपरावर उभे राहून मला हात करत होतात. एकदम धीर आला. वाटलं, आता सगळं नीट होणार."

सौ. खाली मान घालून लंगोट घडी करत होती.

मी म्हटलं, हो गं.